खिडकीवरचा पडदा आणि शहराचा काळोख

काळोखही एके दिवशीं विकत घ्यावा लागेल, असें बोरीवलीच्या जुन्या रहिवाशास कोणीं सांगितलें असतें, तर त्याला हसूंच आलें असतें. गांवाच्या पूर्वेस कान्हेरीचा डोंगर आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमारापासून कित्येक शतकें तेथें बौद्ध भिक्षु राहिले आणि काळ्या खडकांत शंभरांहून अधिक लेणीं खोदलीं गेलीं. निजण्याच्या कोठडीस बहुधा एकच दार, आणि उजेड यावयाचा तो पुढच्या ओसरींतून. खडकाची जाड भिंत हाच तेथील पडदा होता.

५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्यापासून बोरीवलीपर्यंत विजेची आगगाडी धांवूं लागली. गाडीमागून वस्ती आली व वस्तीबरोबर दिवे आले. १९५७ सालीं बोरीवली बृहन्मुंबईंत सामील झाली. त्यानंतर चौदाच वर्षांनीं, हेच दिवे झांकण्याची पाळी आली.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळीं पाकिस्तानी विमानांनीं भारताच्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केले. १६ डिसेंबरपर्यंत चाललेल्या त्या युद्धांत मुंबईच्या रात्रीं ब्लॅकआउटमध्यें गेल्या. खिडक्यांच्या कांचांवर काळे, तपकिरी कागद चिकटले. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा झाला. दुसऱ्या महायुद्धांत शहरानें शिकलेला धडा उपनगरानेंही गिरविला.

त्या पडद्याचें काम मात्र आजच्या उलट होतें. घरांतला उजेड बाहेर जाऊं नये, हा त्याचा हेतु. म्हणून त्याची परीक्षा रस्त्यावरून होई. आणि तींत कापडापेक्षां कडेची फटच अधिक वेळां दगा देई. एका घराची फट साऱ्या आळीस उघडें पाडी.

आज बाजारांत ‘ब्लॅकआउट’ याच नांवानें पडदे मिळतात. आतां शत्रु आकाशांत नाहीं. तो समोरच्या इमारतीच्या जिन्यांत, जाहिरातीच्या फलकावर, रस्त्याच्या पांढऱ्या दिव्यांत आहे. रात्रींचा उजेड शरीरांतील निद्रेचा स्राव कमी करतो, हें शास्त्रानें दाखविलें आहे. रात्रपाळी करून पहांटे घरीं परतणाऱ्या परिचारिकेला किंवा रेल्वेच्या नोकराला तर भर दिवसां रात्र उभी करावी लागते. त्यांच्या दृष्टीनें पडदा ही शोभेची वस्तु नव्हे.

निवड करतांना १९७१ चा अनुभव अजून उपयोगी पडतो. कापड घट्ट विणीचें वा अस्तराचें असावेंच. पण तें चौकटीच्या दोन्ही बाजूंस वीतभर पुढें जावें, आणि दांडी चौकटीच्या बरीच वर बसवावी. बाहेरची बाजू फिकट असल्यास ऊन परतविलें जातें. कागदानें बंद केलेली खिडकी डिसेंबरांत सोसली. बोरीवलीच्या मे महिन्यांतील दमट उकाड्यांत ती सोसणार नाहीं. म्हणून वारा येण्यास दुसरी वाट ठेवून मगच काळोख करावा.

१९७१ सालचा काळोख भीतीचा होता, पण तो सर्वांनीं मिळून केलेला होता. आजचा काळोख सुखाचा आहे; परंतु तो ज्याचा त्यानें, आपापल्या खिडकीपुरता, पैसे देऊन करावयाचा आहे. बाहेरचा अनावश्यक दिवा कोणीं मालवला, तर तेवढा पडदा कमी लागेल.