देवाने भरलेली बाकी : भद्राचलमचे रामदासु आणि मंगळवेढ्याचे दामाजीपंत

रामदास म्हटले की आम्हा मराठी माणसांच्या डोळ्यांसमोर सज्जनगडचे समर्थ उभे राहतात. आमच्या शेजारच्या तेलुगू घरात मात्र रामदासु म्हणजे भद्राचलमचे कंचर्ला गोपन्ना. दोघेही सतराव्या शतकातले आणि दोघेही रामभक्त. नावाच्या सारखेपणामुळे हैदराबादेत नवीन आलेला मराठी माणूस हमखास गोंधळतो. तो गोंधळ बऱ्याच अंशी दूर झाला तो 2006 साली. त्या वर्षी मार्चअखेर, रामनवमीच्या तोंडावर, ‘श्री रामदासु’ हा तेलुगू चित्रपट पडद्यावर आला. के. राघवेंद्र राव यांचे दिग्दर्शन, कीरवाणींचे संगीत, गोपन्नाच्या भूमिकेत नागार्जुन आणि ताना शाहाच्या भूमिकेत नासर. त्याआधी 1964 साली चित्तूर नागय्या यांनी याच विषयावर ‘रामदासु’ काढला होता आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली होती. पण आमच्या पिढीला गोपन्ना घरोघरी माहीत झाला तो 2006 च्या चित्रपटामुळेच.

आमच्यापैकी अनेकांनी तो सहकुटुंब पाहिला आणि पाहताना पुष्कळांच्या मनात एकच विचार आला, ही तर आपल्या दामाजीपंतांची गोष्ट! या लेखात आम्ही या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणार आहोत. चित्रपटात इतिहास किती आणि दंतकथा किती, हेही तपासू. आणि दंतकथा म्हणून जी बाजूला काढावी लागते, तिच्यातही काही मोलाचे आहे का, ते बघू.

आधी रामदासुंची गोष्ट. खम्मम जिल्ह्यातले नेलकोंडपल्ली हे गोपन्नाचे गाव. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत मादण्णा आणि अक्कण्णा हे दोन बंधू मोठ्या अधिकारावर होते. गोपन्ना त्यांचा भाचा. त्यांच्या शिफारशीने त्याला पाल्वंचा परगण्याची तहसीलदारी मिळाली. परगण्यात गोदावरीकाठी भद्राचलम. तिथल्या रामाला धड देऊळ नव्हते. गोपन्नाने देऊळ उभारले, देवाला दागिने केले आणि त्यासाठी सरकारी वसुलीचा पैसा खर्च केला. कथेत हा आकडा सहा लाखांचा आहे. गोवळकोंड्याला बातमी पोहोचली आणि गोपन्ना किल्ल्यात कैद झाला. बारा वर्षे गेली. मग एका रात्री दोन तरुण ताना शाहाच्या शयनगृहात आले. त्यांनी सगळी रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि ते निघून गेले. नावे सांगितली रामोजी आणि लक्ष्मोजी. तेलुगू कथेत ही ‘जी’ लावलेली नावे ऐकली की आम्हाला उगाचच आपल्याकडचे कोणी वाटतात! सकाळी पावती गोपन्नाच्या उशाशी सापडली.

आता दामाजीपंत. मंगळवेढे हे बिदरच्या बहमनी बादशहाच्या अमलाखालचे ठाणे आणि दामाजीपंत तिथले अधिकारी. मोठा दुष्काळ पडला. इतिहासात 1460 च्या आसपासचा दुष्काळ दामाजीपंतांचा दुष्काळ म्हणूनच ओळखला जातो. सरकारी कोठारे धान्याने भरलेली आणि बाहेर माणसे अन्नावाचून मरताहेत. पंतांनी बादशहाची परवानगी न घेता कोठारे उघडली. बिदरला कागाळी गेली, पंतांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. पंत वाटेत असतानाच पंढरीचा विठोबा विठू महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारात हजर झाला, धान्याची पूर्ण किंमत त्याने भरली आणि पावती घेतली. ती पावती पंतांना आपल्या पोथीत मिळाली. महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ही कथा सविस्तर सांगितली आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 1922 साली दामाजीपंतांवर मूकपटही काढला. कीर्तनात तर हे आख्यान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

दोन्ही गोष्टींचा सांगाडा एकच आहे : सरकारी अधिकारी, विनापरवानगी खर्च, चौकशी, अटक, देवाने केलेला भरणा आणि पावती. महिपतींनी लिहिले तेव्हा गोपन्नाला जाऊन सुमारे पाऊणशे वर्षे झाली होती. म्हणजे या दोन्ही कथा दख्खनमध्ये, एक मराठीत आणि एक तेलुगूत, शेजारी शेजारी फिरत होत्या. बिदर तर हैदराबादहून दीडशे किलोमीटरच्या आतच आहे. आणि जी गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावून पैठण, नांदेडवरून वाहत येते, तीच पुढे भद्राचलमच्या रामाचे पाय धुते. नाशिकला पंचवटी आहे, तशी भद्राचलमजवळ पर्णशाला आहे. दोन्हीकडचे लोक सीतेची पर्णकुटी आपल्याच गावी होती म्हणतात.

आता इतिहासाच्या कसोटीकडे वळू. चित्रपटात कबीर येतात आणि गोपन्नाला रामनामाचा उपदेश करतात. ती भूमिका अक्किनेनी नागेश्वर राव यांनी केली. नागार्जुन त्यांचे चिरंजीव, त्यामुळे पडद्यावर वडील गुरू आणि मुलगा शिष्य, असा दुर्मिळ योग प्रेक्षकांना पाहायला मिळाला. पण कबीर पंधराव्या शतकातले. परंपरेने त्यांचे निर्वाण 1518 साली मानले जाते. गोपन्नाचा काळ त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी येतो. ही भेट इतिहासात बसत नाही. चित्रपटवाल्यांनी ती नव्याने रचलेली नाही, लोककथेतच ती आधीपासून आहे. लोकांना रामभक्ताचा गुरू म्हणून कबीरच हवासा वाटला, कारण रामनामात हिंदू-मुसलमान हा भेद न मानणारा संत म्हणून तेच सर्वांना ठाऊक होते.

दुसरी गोष्ट बारा वर्षांच्या कैदेची. अबुल हसन ताना शाह गादीवर आला 1672 साली आणि गोवळकोंडा औरंगजेबाच्या हाती पडला 1687 साली. सगळी मिळून पंधरा वर्षांची कारकीर्द. त्यात गोपन्नाची नेमणूक, देवळाचे बांधकाम, तक्रार, बारा वर्षांची कैद आणि सुटका इतके सगळे बसवायचे म्हणजे ओढाताण होते. बारा वर्षे हा कथांचा लाडका आकडा आहे. तप बारा वर्षांचे, पांडवांचा वनवास बारा वर्षांचा. कैद खरी, आकडा कथेचा, असेच समजणे बरे. योगायोग असा की, ज्याच्या कैदेची बारा वर्षे इतिहासात जवळजवळ मोजून दाखवता येतात, तो स्वतः ताना शाहच. गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने त्याला आपल्या मराठवाड्यातल्या दौलताबादच्या किल्ल्यात ठेवले आणि सुमारे बारा वर्षांनी तो तिथेच वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. वेरूळ पाहायला जाणाऱ्या आमच्या हैदराबादकरांना आपल्या शहराचा शेवटचा कुतुबशहा वाटेतच विसावला आहे, याची कल्पना क्वचितच असते.

ताना शाह माणूस म्हणून कसा होता, हेही पाहायला हवे. गादीवर येण्यापूर्वी बरीच वर्षे तो शाह राजू या सूफी पुरुषाच्या सहवासात राहिला होता. त्याच्या राज्याचा कारभार मादण्णा या तेलुगू ब्राह्मणाच्या हाती होता. 1677 साली दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज भागानगरात, म्हणजे आजच्या हैदराबादेत आले. तेव्हा याच ताना शाहाने त्यांचे सन्मानाने स्वागत केले आणि त्यांच्याशी तह केला. तेव्हा चित्रपटात त्याला निव्वळ खलनायक केले नाही, हे योग्यच झाले. तिजोरीचा पैसा गेला तर कोणताही राज्यकर्ता चौकशी करणारच.

इथे आमच्यासारख्या सरकारी नोकरीतल्या माणसाच्या मनात एक प्रश्न येतो. सरकारी पैसा परस्पर खर्च करणे चांगल्या हेतूने केले तरी चालते का? दोन्ही कथा याला ‘चालते’ असे उत्तर देत नाहीत. भक्त मोठा, हेतू पवित्र, म्हणून बाकी माफ झाली, असे कुठेही घडत नाही. देवाला स्वतः येऊन पै न पै भरावी लागते आणि वर पावतीही घ्यावी लागते. लोकांच्या घामाच्या वसुलीचा हिशोब देवालाही चुकलेला नाही, असे ही लोककथा सांगते. तुरुंगात रचलेल्या रामदासुंच्या एका प्रसिद्ध कीर्तनात तर चक्क खर्चाची यादी आहे. कोणासाठी कोणता दागिना केला आणि त्याला किती वराह लागले, हे ते रामाला मोजून दाखवतात, हे कोणाच्या बापाचे पैसे म्हणून त्याला टोचून बोलतात आणि शेवटी मार सोसवेना म्हणून बोललो असे सांगून क्षमाही मागतात. तेलुगू घरांत ते आजही गायले जाते. हिशोब तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यातली तळमळ लगेच कळते.

मात्र दोघांत एक फरकही आहे आणि तो झाकू नये. गोपन्नाने देऊळ बांधले, दामाजीपंतांनी भुकेल्यांना धान्य दिले. आम्हा मराठी माणसांना दामाजीपंत अधिक जवळचे वाटतात ते यामुळे. पण आपल्याही कथेत एक काटा आहे. विठोबाने रूप घेतले ते विठू महाराचे. त्या काळी सरकारी वसूल वाहून नेणे, निरोप पोहोचवणे ही महारांचीच कामे होती, म्हणून हे रूप कथेत चपखल बसते. मंगळवेढे हे संत चोखोबांचेही गाव, गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते तिथेच गेले. तरीही ज्याचे रूप देवाने घेतले, त्याला पंढरपूरच्या देवळात पाऊल ठेवायला 1947 साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. कीर्तनात आख्यान ऐकून डोळे पुसणाऱ्या समाजाने हे शेकडो वर्षे चालवून घेतले. आख्यान सांगताना तेवढे मात्र सांगायचे राहून जाते.

आता या दोन्ही कथांतली आम्हाला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. देव आला, पण दर्शन कोणाला झाले? बारा वर्षे हाका मारणाऱ्या गोपन्नाला नाही. तो कोठडीत झोपलेला होता. रामलक्ष्मण प्रत्यक्ष पाहिले ते ताना शाहाने. तिकडे विठोबा पाहिला तो बिदरच्या बादशहाने, दामाजीपंत तर वाटेतच होते. भक्ताच्या हाती आली ती फक्त पावती. दुष्काळाच्या त्या वर्षांत बिदरच्या गादीवर होता हुमायून शाह, ज्याला इतिहासाने ‘जालीम’ असे नाव दिले. बिदरजवळ अष्टूर येथे त्याची वीज पडून दुभंगलेली कबर आजही दिसते. अशा काळातल्या राजालासुद्धा लोकांनी आपल्या गोष्टीत देवदर्शन देऊन टाकले. हरिकथा सांगणारे आणि ऐकणारे हिंदूच होते, त्यांना सूड घेणारी गोष्ट रचता आली असती. बादशहावर वीज पडली, राज्य बुडाले, असा शेवट सहज करता आला असता. त्यांनी तसे केले नाही. त्यांच्या गोष्टीत राजा लाजतो, पश्चात्ताप करतो आणि हात जोडतो.

याला केवळ भाबडेपणा म्हणता येणार नाही, कारण गोष्टीचा परिणाम व्यवहारातही उतरला आहे. भद्राचलमला रामनवमीला सीतारामांचे लग्न लागते. त्या लग्नात अक्षतांबरोबर मोती वापरतात. हे मोती सरकारकडून जातात. ही प्रथा ताना शाहाने सुरू केली अशी परंपरा आहे. पुढे निजामांच्या काळात ती चालू राहिली आणि आज राज्य सरकार रेशमी वस्त्रांसह मोती पाठवते. राजवटी बदलल्या, पण मोती जायचे थांबले नाहीत. गोवळकोंड्यावर रामदासुंची कोठडी म्हणून दाखवतात त्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर कोरलेल्या मूर्तींपुढे लोक आजही हात जोडतात.

आज ऐतिहासिक चित्रपटांचा सुकाळ आहे आणि चित्रपटात दाखवले तेच खरे, असे आमच्या मुलांना वाटते. त्यांना तारखा सांगायलाच हव्यात. कबीर आणि गोपन्ना भेटले नव्हते, हे त्यांना कळले पाहिजे. पण त्याबरोबर हेही सांगू या की, या मातीतल्या सामान्य माणसांनी राजा आणि भक्त यांच्यातले भांडण मिटवायला जी गोष्ट रचली, तिच्यात पैसा पूर्ण फेडला गेला, कैदी सुटला आणि दर्शन राजाला झाले. पुढच्या वेळी गोवळकोंडा दाखवायला पाहुण्यांना नेले की रामदासुंच्या कोठडीशी थांबून दामाजीपंतांचीही गोष्ट सांगावी. हैदराबादच्या मराठी माणसाला या दोन्ही गोष्टी आपापल्या भाषेत ऐकता येतात, हे भाग्य प्रत्येक शहराला लाभत नाही.