एक दोर, अनेक गळ

तळ्यातला मासा किती खोलीवर सापडतो? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक मुले ‘तळाशी’ असे उत्तर देतील. नाशिकजवळच्या गंगापूर धरणात जाळी टाकणारा माणूस मात्र आधी आपल्यालाच विचारील, ‘कोणता मासा?’ कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. ज्याचे अन्न जिथे, तो तिथे. पण थंड प्रदेशातील खोल सरोवरांत माशाची जागा आणखी एका गोष्टीने ठरते. ती म्हणजे पाण्याचे तापमान. ही गोष्ट ध्यानात घेऊन गळ टाकण्याचे एक साधन कसे घडत गेले, त्याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत.

उन्हाळ्यात सरोवराचे वरचे पाणी तापते आणि हलके होऊन वरच राहते. खाली थंड, जड पाणी असते. या दोहोंच्या मध्ये एक पातळ थर असतो. त्यात थोडे खाली गेले तरी तापमान झपाट्याने उतरते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे सरोवरांचा अभ्यास करणाऱ्या एडवर्ड बर्ज यांनी १८९७च्या सुमारास या थराला ‘थर्मोक्लाइन’ असे नाव दिले. ट्राउट, सामन यांसारखे थंड पाण्याचे मासे उन्हाळ्यात या थराच्या आसपास किंवा त्याखाली उतरतात.

मासेमारांना हे नाव ठाऊक होण्याआधीच अनुभव आलेला होता. चालत्या होडीमागून गळ ओढत नेण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. गळाला किड्याऐवजी चमच्यासारखा चकाकणारा पत्रा लावला की तो पाण्यात लहान माशासारखा हलतो. अशा चमच्याचे पेटंट जूलिओ ब्यूएल यांनी १८५२ साली घेतले. अडचण एवढीच, की होडी चालू लागली की पाण्याच्या रेट्याने दोरी वर उचलली जाते आणि गळ खोल राहत नाही. यावरचा एक जुना तोडगा न्यूयॉर्क राज्यातील सेथ ग्रीन (१८१७–१८८८) यांच्या नावाने ओळखला जातो. मुख्य दोरीच्या टोकाला जड शिसे बांधायचे आणि वर ठरावीक अंतरांवर आखूड दोऱ्या जोडून प्रत्येकीला एक चमचा लावायचा. मासा कोणत्या खोलीवर आहे हे ठाऊक नसेल, तर एकाच फेरीत चार-पाच खोल्यांवर चाचपून पाहता येते. वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेणारा शास्त्रज्ञ याहून वेगळे काय करतो?

पुढचा टप्पा मिशिगन सरोवरावरचा. अतिरेकी मासेमारी आणि बाहेरून शिरलेला लॅम्प्री हा रक्तशोषक जलचर या दोहोंमुळे तेथील लेक ट्राउट १९५०च्या दशकात नाहीसा झाला. त्याला खाणारा मासा उरला नाही, तेव्हा एलवाइफ नावाचा लहान मासा बेसुमार वाढला. त्याला खाण्यासाठी म्हणून हॉवर्ड टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली कोहो सामनची पिल्ले सोडली. सामन वाढला, हौशी गळकरी लोटले आणि डाउनरिगर हे साधन लोकप्रिय झाले. यात जड गोळा एका तारेने ठरवलेल्या खोलीवर सोडतात. गळाची दोरी एका चिमट्याने त्या तारेला अडकवलेली असते. मासा लागला की चिमटा सुटतो आणि मासा गोळ्याच्या वजनाशिवाय ओढता येतो.

एका दोरीवर जादा गळ कसा लावतात? आखूड दोरीला चमचा बांधून ती एका कडीने मुख्य दोरीवर मोकळी सरकती ठेवतात. ती कडी साधारण मध्यावर थांबते. का, ते मुलांना सहज दाखवता येईल. कपडे वाळत घालण्याच्या सैल दोरीत एक कडी ओवा. ती झोकाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर येऊन थांबते, कारण तिला ओढणारे बल खाली आहे. पाण्यात चमच्याला ओढणारा रेटा मागच्या दिशेने असतो. छडीपासून चिमट्यापर्यंतची दोरी मागे फुगलेली असते. म्हणून कडी सर्वांत मागे गेलेल्या बिंदूवर, म्हणजे सुमारे निम्म्या खोलीवर स्थिरावते. दोन गळ, दोन खोल्या.

हेच साधन गंगापूरच्या पाण्यात तसेच उपयोगी पडेल का? इथे एक गंमत आहे. पाणी ४ अंशांवरून ५ अंशांवर गेले, तर त्याची घनता अगदी किंचित कमी होते. २४ वरून २५ वर गेले, तर ती घट त्याच्या सुमारे तीसपट असते. त्यामुळे उष्ण प्रदेशात दोन-तीन अंशांचा फरकही थर टिकवायला पुरू शकतो. पण अशा थराखालच्या पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि तिथे मासा थांबत नाही. थंड सरोवरात खोल पाणी माशाचा आसरा असते, उष्ण तलावात तेच त्याला वर्ज्य ठरू शकते. साधन आणले म्हणून ज्ञान येत नाही, आपले पाणी आपणच मोजावे लागते.

गळ वाढवताना मासा संपू नये, हा प्रश्नही याच इतिहासात आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत एका माणसाने किती दोऱ्या टाकाव्यात यावर कायद्याचे बंधन आहे. ज्या सेथ ग्रीन यांचे नाव अनेक गळांच्या दोरीला मिळाले, त्यांनीच १८६४ साली कॅलिडोनिया येथे मत्स्यबीज केंद्र उभारले होते. आपल्याकडे १९७०च्या दशकात लोणावळ्याजवळच्या वळवण तलावाकाठी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खुद्री महसीरचे कृत्रिम प्रजनन साधले आणि घटत चाललेल्या या माशाची पिल्ले तयार केली.

शाळेसाठी एक प्रयोग सुचवतो. जाड काचेच्या बाटलीला दगड बांधा, सैल बूच लावा आणि बुचाला वेगळी दोरी बांधा. बाटली विहिरीत हव्या खोलीपर्यंत सोडून बुचाला झटका द्या. बाटली भरली की वर काढून लगेच तापमान मोजा. दर मीटरला एक नोंद घ्या, सकाळी आणि दुपारी, डिसेंबरात आणि पुन्हा एप्रिलात. सोबत मोठी, पोहता येणारी माणसे हवीतच. आलेख काढला की आपल्या विहिरीत थर पडतो की नाही, ते मुले स्वतःच सांगतील.