गादी झिजली म्हणजे कंबर गेली?

आजचा भाग माझ्याच कंबरेपासून सुरू करतो. मागच्या वर्षी कंबर धरली, एमआरआय काढला. रिपोर्टात लिहिलं होतं ‘डिस्क डीजनरेशन’. वय अठ्ठावीस! आई म्हणाली, “मणक्यात गॅप आलाय, आता वाकू नकोस.” तीन महिने मी पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही.

मग शोधायला बसलो, हा गादीचा धाक आला कुठून?

१९३४, अमेरिकेतलं बॉस्टन. विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन सर्जननी दाखवून दिलं की मणक्यामधली गादी फाटून नसेवर दाबली, तर पायात कळ जाते. म्हणजे सायटिका. शोध अस्सल होता. पण पुढे साध्या कंबरदुखीचं खापरही गादीवरच फुटू लागलं.

गादीच्या आत पाणीदार गर असतो, भोवती चिवट कडं. वय वाढतं तसं पाणी कमी होतं, गादी चपटी होते. मग एमआरआय आला आणि ही झीज सरळ दिसायला लागली.

१९९० मध्ये स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी वेगळंच केलं. ज्यांना कंबरदुखी कधी झालीच नव्हती, अशा ६७ जणांचे एमआरआय काढले. विशी-तिशीतल्या ३५ टक्के लोकांची निदान एक गादी झिजलेली किंवा फुगलेली निघाली. साठीपुढच्यांत तर एक सोडून सगळ्यांची! २०१५ मध्ये असे ३३ अभ्यास एकत्र केले गेले. कंबर न दुखणाऱ्यांतही झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६ टक्के.

मग गादी निर्दोष का? तसंही नाही. पन्नाशीच्या आत, कंबर दुखणाऱ्यांमध्ये झीज जास्त सापडते. पण आपल्या भाषेत सांगायचं तर, लॉगमध्ये वॉर्निंग दिसली म्हणजे क्रॅश तिच्यामुळेच झाला असं नसतं.

हां, पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा जांघेत बधिरपणा आला, तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

माझं म्हणाल तर डॉक्टरांनी चालायला लावलं, हळूहळू वजनही उचलायला लावलं. गादी अजून तशीच असेल. बादली मात्र मीच उचलतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर, जरा उठून दोन पावलं चाला!