चाळिशी : एका उपनेत्राचा इतिहास

मराठीत चष्म्याला 'चाळिशी' असे जे एक जुने नाव आहे, ते मोठे अर्थपूर्ण आहे. 'चष्मा' हा शब्द फारसीतून आलेला असून त्याच्या मुळाशी डोळा एवढाच अर्थ आहे; 'उपनेत्र' हा पंडितांच्या पसंतीचा संस्कृत शब्द. परंतु 'चाळिशी' हा शब्द वस्तूविषयी काहीच न सांगता ती वापरणाऱ्याचे वय सांगतो. वयाची चाळीस वर्षे भरावीत, पोथी हळूहळू हातभर लांब धरावी लागावी, सुईत दोरा ओवण्यास घरातील लहान मुलास हाक मारावी लागावी, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, लोकांनी वयाचेच नाव वस्तूला दिले.

या अनुभवाची एक मार्मिक नोंद मराठी वाङ्मयात सतराव्या शतकातच झालेली आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब या गावी झाला. हे गाव पूर्वी अंबड तालुक्यात मोडत असे. आज ते जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, शाई व कागद कसे सिद्ध करावेत, याचा त्यात बारकाईने विचार केलेला आहे. तेथे समर्थ असेही बजावतात की, नजर तीक्ष्ण आहे म्हणून तरुण वयात फार बारीक अक्षर काढण्याच्या मोहास पडू नये. वार्धक्य आले म्हणजे तेच पुस्तक स्वतःच्याच हाती निरुपयोगी होते. यास्तव अक्षराने मध्यम मार्ग धरावा. हा केवळ सुलेखनाचा नियम नव्हे. ज्याला आपला ग्रंथसंग्रह जन्मभर पुरवावयाचा आहे, त्याने आपल्याच भावी डोळ्यांची आज केलेली ही तरतूद आहे. मात्र उपाय डोळ्यावर न करता अक्षरावर करावा लागत होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वास्तविक त्या काळी डोळ्यावरचा उपाय जगात नवा राहिला नव्हता. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत फुगीर भिंगांचे चष्मे होऊ लागले होते, व पंधराव्या शतकात खोलगट भिंगेही प्रचारात आली. हिंदुस्थानातील चष्म्याचा मागोवा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील साक्षेपी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला आहे. सोमनाथकवीच्या 'व्यासयोगिचरित' या ग्रंथात विजयनगरचे व्यासतीर्थ हे चष्म्याच्या साहाय्याने पोथी वाचीत असल्याचा उल्लेख आहे, व तो प्रसंग १५२० च्या सुमाराचा मानला जातो. पोर्तुगीजांनी गोवे घेतले ते १५१० साली. तेव्हा ही परदेशी वस्तू त्यांच्याच द्वारा दक्षिणेत आली असावी, हा तर्क सयुक्तिक दिसतो. पण राजगुरूच्या नाकावर चढलेली वस्तू खेड्यातील पोथीवाचकाच्या हाती पडावयास शतके लागतात. आणि तोपर्यंत त्या वाचकाला समर्थांचा ठसठशीत अक्षराचा सल्लाच उपयोगाचा होता.

चाळिशीत डोळ्याला होते तरी काय, याचा उलगडा सावकाश झाला. भिंगे नेत्रपटलावरील प्रतिमा कशी नीट करतात, हे केप्लरने १६०४ साली दाखविले. जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील नैसर्गिक भिंग आपला आकार बदलते, हे टॉमस यंगने १८०१ साली प्रयोगांनी सिद्ध केले. वयाबरोबर त्या भिंगाची लवचिकता कमी होत जाते, हेच चाळिशीचे कारण होय. पुढे डॉन्डर्स या डच वैद्याने १८६४ च्या आपल्या ग्रंथात एक घोटाळा कायमचा दूर केला. दीर्घदृष्टी हा डोळ्याच्या घडणीचा दोष असून तो बालपणापासून असू शकतो. चाळिशी ही वयाची अवस्था असून ती दीर्घदृष्टी, ऱ्हस्वदृष्टी व निर्दोष दृष्टी अशा तिघांसही गाठते. फरक इतकाच की, दीर्घदृष्टीचा मनुष्य तारुण्यात नकळत डोळ्यावर ताण देऊन दोष झाकीत असल्यामुळे त्याला ती लवकर जाणवते. ऱ्हस्वदृष्टीचा मनुष्य मात्र चष्मा काढून ठेवतो व पुस्तक खुशाल वाचतो.

पण एकाच माणसाला दूरचेही व जवळचेही पाहावयाचे असेल तर दोन चष्मे बाळगावे लागत. या दगदगीस कंटाळून बेंजामिन फ्रँकलिनने दोन भिंगांचे अर्धे अर्धे तुकडे एकाच चौकटीत बसविले. त्याच्या १७८४-८५ च्या पत्रांत याचा उल्लेख आहे. वर दूरची नजर, खाली जवळची, व मध्ये एक रेघ. ही रेघ ओलांडताना प्रतिमा उडी मारते, आणि हातभर ते खोलीभर अशा मधल्या अंतराला कोणीच वाली राहत नाही. या दोन उणिवा भरून काढण्यासाठी रेघेवाचून क्रमाक्रमाने शक्ती वाढत जाणारे भिंग करावे, ही कल्पना ओवेन एव्हज या इंग्रजाने १९०७ साली पेटंटाद्वारे मांडली. ती बाजारात यशस्वी करून दाखविली फ्रान्समधील बर्नार मेतनाझ याने, १९५९ साली, 'व्हॅरिलक्स' या नावाने. आज दुकानात ज्यास 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात, तो याच भिंगाचा वंशज.

परंतु निसर्ग काहीही फुकट देत नाही. १९६३ साली मिंकविट्झ या गणितज्ञाने दाखवून दिले की, भिंगाच्या मधल्या पट्ट्यात शक्ती जितक्या वेगाने वाढवावी, त्याच्या सुमारे दुप्पट वेगाने पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस अंधुकपणा वाढत जातो. म्हणून या भिंगात दोन्ही कडांस धूसर प्रदेश राहणारच. कारागिराला तो इकडून तिकडे सारता येतो, नाहीसा करता येत नाही. उरलेले काम वापरणाऱ्याच्या मानेने व मेंदूने करावयाचे असते.

येथे दोन्ही प्रकारच्या डोळ्यांचा स्वभाव निराळा दिसतो. ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाला शाळेपासून चष्म्याची सवय असते. तथापि त्याच्याजवळ एक मोहाची वाट सदैव मोकळी असते. चष्मा काढला की त्याला पुस्तकाचे अखंड पान दिसते. नव्या भिंगातून मात्र वाचनाचा तुकडा अरुंद आणि अक्षर किंचित लहान भासते. तो मनातल्या मनात तुलना करीत राहतो व नव्या भिंगाला दोष देतो. उलट दीर्घदृष्टीच्या माणसाला चष्मा काढून कोठेच सुख नाही. फुगीर भिंगाने त्याचे जग मोठे होते, कडेस ते डोलल्यासारखे भासते. कित्येकांना तर आयुष्यातला पहिलाच चष्मा या जातीचा मिळतो, म्हणून आरंभीचा गोंधळ अधिक. पण गरजच अशी की, तो चष्मा दिवसभर नाकावर राहतो, आणि सतत वापरानेच मेंदू त्याला सरावतो. बहुतेकांस काही दिवस ते दोनतीन आठवडे पुरतात.

सराव म्हणजे काय, ते पायऱ्यांवर कळते. अंबडची मत्स्योदरी देवी माशाच्या आकाराच्या टेकडीवर आहे. दर्शन घेऊन उतरणाऱ्या नव्या चष्म्याच्या भाविकाने नुसती नजर खाली टाकली, तर ती वाचनाच्या भागातून जाते आणि पायरी धूसर होते. हनुवटी छातीकडे नेऊन भिंगाच्या वरच्या भागातून पाहिले, म्हणजे पायरी स्पष्ट होते. तसेच बाजूस पाहताना केवळ बुबुळ न फिरविता मान फिरवावी लागते. चौकट नीट न बसली, किंवा बाहुलीची उंची व दोन बाहुल्यांमधील अंतर मोजण्यात चूक झाली, तर मात्र कितीही सराव व्यर्थ होय. अशा वेळी माणसाने स्वतःला दोष न देता भिंग पुन्हा तपासून घ्यावे.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आसामातील चहामळ्यांवरील चाळिशी उलटलेल्या मजुरांस जवळच्या नजरेचा साधा चष्मा देण्यात आला, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या मानाने त्यांच्या खुडणीत सुमारे २२ टक्के अधिक वाढ झाली. जी गोष्ट चहाच्या पानांची, तीच पुस्तकाच्या पानांची. आपल्या घराघरांत पन्नाशीच्या आसपास वाचन सुटलेली माणसे आहेत; त्यांची रुची संपली असे आपण म्हणतो, पण कित्येकदा संपलेली असते ती फक्त डोळ्यातील भिंगाची लवचिकता. आणि महागडा चष्मा आठवड्यातच कपाटात ठेवून देणारी माणसेही थोडी नाहीत. तेव्हा घरातील वडील माणसाने वाचन सोडले, तर कारण विचारण्यापूर्वी त्यांना एकदा नेत्रवैद्याकडे न्यावे. आणि नवा चष्मा आणला, तर पहिले पंधरा दिवस जिन्यावर त्यांचा हात धरावा.