बोनापार्टची माघार

मंडळी, आज आपण एका सुरावटीचा इतिहास पाहू. तिचं नाव 'बोनापार्ट्स रिट्रीट', म्हणजे बोनापार्टची माघार. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात ती पिढ्यान्‌पिढ्या फिडलवर वाजत आली. फिडल म्हणजे व्हायोलिनच. तेच वाद्य गावच्या नाचात वाजलं की त्याला फिडल म्हणायचं, एवढाच फरक.

आता नेपोलियन मॉस्कोहून मागे फिरला १८१२ मध्ये. त्याच्याशी केंटकीतल्या शेतकऱ्याचं काय देणंघेणं? पण या डोंगरांत जे लोक वसले, त्यांतले पुष्कळसे आयर्लंड-स्कॉटलंडकडून आलेले. इंग्रजांचा वैरी तो आपला दोस्त, या हिशेबाने बऱ्याच आयरिश लोकांना बोनापार्टबद्दल आस्था होती. त्याच्या नावाच्या सुरावटी म्हणूनच ढिगाने सापडतात. एकीत तो ऱ्हाइन ओलांडतो, दुसरीत आल्प्स, आणि एकीत तर चक्क अमेरिकेतले रॉकी पर्वत! भूगोलाच्या मास्तरांनी कपाळाला हात लावावा. तेव्हा सुरावटीचं मूळ तिच्या नावात शोधू नये, असं आमचं मत आहे. नावं मागाहून चिकटतात.

कानांनी शोधलेलं बरं. या सुरावटीसाठी वादक तारा वेगळ्या लावतात. सर्वांत जाड तार खाली उतरवतात, सर्वांत बारीकही उतरवतात, मधल्या दोन तशाच ठेवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर चार तारा होतात सा, सा, प, सा. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे लगेच ओळखू येईल. गज फिरतो तसा षड्ज खाली सतत घुमत राहतो. बॅगपाइपच्या घुमण्याची ही नक्कल, असं सांगतात. अनेक जुने वादक ती ठाय लयीत, लष्करी कूच चालावी तशी वाजवत. थकलेलं सैन्य परततंय, असं चित्र त्यात दिसायचं.

आणि मग येतो विल्यम स्टेप. जन्म १८७५, पूर्व केंटकीतला. ऑक्टोबर १९३७ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ हे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी तबकडी कोरण्याचं यंत्र घेऊन सेलर्सव्हिल गावी पोचले. ॲलन तेव्हा अवघे बावीस वर्षांचे. स्टेप साठी ओलांडलेला. त्याने यंत्रासमोर हीच माघार वाजवली, पण कशी? द्रुत लयीत! कूच गेली, तिचा नाच झाला. हरलेलं सैन्य जणू उधळलेल्या घोड्यासारखं धावत सुटलं.

ती तबकडी रूथ क्रॉफर्ड सीगर यांच्या हाती आली. या स्वतः मोठ्या संगीतकार. १९४१ मध्ये लोमॅक्स पितापुत्रांचं 'अवर सिंगिंग कंट्री' हे पुस्तक निघालं, त्यातलं स्वरलेखन बाईंचं. एकेक तबकडी पुनःपुन्हा ऐकायची, वादकाने जे वाजवलं तेच कागदावर उतरवायचं, आपल्या मनाने काही 'सुधारायचं' नाही, हा त्यांचा बाणा. या कामाबद्दल त्यांनी लिहिलेला दीर्घ निबंध पुस्तकातून गळाला आणि थेट २००१ मध्ये छापला गेला. बाई १९५३ मध्येच गेल्या होत्या.

पुढच्याच वर्षी ॲरन कोपलंड यांना ॲग्नेस डी मिल यांच्या 'रोडिओ' या बॅलेसाठी संगीत करायचं होतं. पुस्तकातलं ते पान त्यांनी उघडलं आणि 'हो-डाउन' हा भाग त्यावर उभा केला, स्टेपच्या वळणांसकट, जवळजवळ स्वराला स्वर. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी न्यूयॉर्कला तो रंगमंचावर आला. केंटकीच्या डोंगरातली सुरावट पश्चिमेकडच्या गुराख्यांची झाली. पुढे १९७२ मध्ये एका इंग्रज रॉक बँडने ती वाजवली, नव्वदच्या दशकात गोमांसाच्या जाहिरातीतही ती आली. आज अमेरिकेचा सूर म्हणून जगभर ओळखतात तो हाच.

आता आमची कबुली ऐका. आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगितलं की लोकसंगीताला कर्ता नसतो. परीक्षेत तसं लिहिणाऱ्या मुलांना गुणही दिले. निवृत्तीनंतर स्टेपची तबकडी ऐकली आणि ते वाक्य घशात अडकलं. आपल्याकडे उपादान कारण आणि निमित्त कारण असा भेद करतात. माती एक, कुंभार दुसरा. जुनी कूच ही माती, कबूल. तीही आधीच्या कुणा कुंभाराने मळलेली, हेही कबूल. पण 'हो-डाउन'मध्ये जे धावतं, ते मातीतून आपोआप आलेलं नाही. इतर वादकांची ठाय लयीतली माघार पुस्तकात छापली असती तर कोपलंडना तिथे नाच सापडला नसता. 'पारंपरिक' असं एका शब्दात लिहून टाकलं की हा माणूस पुसला जातो. कोपलंडनी चोरी केली असं आम्ही म्हणत नाही. छापील पानावरून घेतलं, वाद्यवृंदासाठी अप्रतिम बांधलं. पण टाळ्यांची वाटणी करायला बसलो, तर बाईंचा वाटा मोठा आणि स्टेपचा त्याहून मोठा.

स्टेप १९५७ मध्ये वारला. तबकडी शिल्लक आहे. आता आधी ती ऐकू, 'हो-डाउन' नंतर. सुरुवातीला खरखर येईल, तिकडे लक्ष देऊ नका. खालचा षड्ज धरून ठेवा.