भूकंपाला जात नसते, पण पंचनाम्याला असते

दरवर्षी 30 सप्टेंबर जवळ आला की किल्लारीच्या आठवणी निघतात आणि त्यासोबत एक वाक्य हमखास येते: “भूकंपाने जातपात पाहिली नाही, सगळ्यांना सारखेच गाडले.” ऐकायला हे वाक्य फार मानवतावादी वाटते. पण आम्ही विचारतो, जमीन हलली ती काही सेकंदच. त्यानंतर जी मदत आली, मोजमाप झाले, घरे वाटली गेली, तेही सगळ्यांना सारखेच झाले का?

आधी इतिहास पाहू. 1993 साली 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक झोपले आणि 30 तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद (आजचा धाराशिव) हादरले. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातली गावे भुईसपाट झाली. सुमारे 8 हजार माणसे मेली. भूकंप मध्यम तीव्रतेचा होता, तरी इतकी माणसे मेली याचे मुख्य कारण घरांची बांधणी होते. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद. झोपलेल्या माणसांच्या अंगावर ते सगळे कोसळले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दगडी वाडा आणि माळवद बांधायला जमीन आणि पैसा लागतो. गावकुसाबाहेरच्या भूमिहीनाची झोपडी कुडाची, पाचटाची, फार तर पत्र्याची. ती पडली तरी माणूस जिवंत निघण्याची शक्यता जास्त. म्हणजे हजारो वर्षे ज्या व्यवस्थेने आपल्याला पक्के घर बांधू दिले नाही, त्याच अभावामुळे काही जीव वाचले. पण जीव वाचल्यावर पंचनाम्यात प्रश्न आला, तुमचे नुकसान किती? कुडाच्या झोपडीची किंमत ती काय लागणार!

पुढे सरकारने जागतिक बँकेचे कर्ज घेऊन मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला. 52 गावे नव्या जागी वसवली. इतर हजारो गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. हे काम मोठे होते, ते आम्ही नाकारत नाही. उघड्यावर पडलेल्या माणसाला भूकंपात टिकेल असे घर मिळाले. दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या, हेही नोंदवले पाहिजे.

पण स्थलांतरित गावांत घराचा आकार कशावर ठरला? जमिनीवर. भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400 आणि 7 हेक्टरांपेक्षा जास्त जमीन असणाऱ्याला 750 चौरस फूट. घरात माणसे किती, हा निकष मुख्य नव्हता. सात माणसांचे भूमिहीन कुटुंब असेल तर माणशी 36 चौरस फूटही येत नाहीत. अनेक ठिकाणी आकारानुसार रांगा आखल्या गेल्या, म्हणजे नव्या गावाच्या नकाशातही जुने गाव उतरले.

यावर उत्तर मिळते की मोठ्या शेतकऱ्याला बैल, धान्य, अवजारे ठेवायला जागा लागते आणि त्याचे नुकसानही मोठे होते. नुकसानभरपाईपुरते हे मान्य करू. पण हे पुनर्वसन सार्वजनिक कर्जातून झाले. ते कर्ज फेडणाऱ्या तिजोरीत काडेपेटी विकत घेणारा मजूरही भर घालतो. मग सार्वजनिक पैशातून मिळणाऱ्या छपराचे माप सातबाऱ्याने का ठरवायचे?

आणि सातबारा कोणाकडे आहे, हा प्रश्न मराठवाड्यात जातीशिवाय सुटत नाही. पिढ्यानपिढ्या गायरान कसणाऱ्या आपल्या लोकांची नावे 1978 आणि 1991 च्या शासन निर्णयांनंतरही अनेक ठिकाणी कागदावर चढली नाहीत. हाच तो मराठवाडा, जिथे 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला म्हणून दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि जिथे नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला, म्हणजे भूकंपानंतर साडेतीन महिने. अशा समाजात जमिनीचा निकष लावला की अर्जावर जातीचा रकाना नसला तरी जात आपोआप मोजली जाते. कोणा अधिकाऱ्याच्या मनात द्वेष असण्याचीही गरज उरत नाही.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा विसंगतीचा काळ सुरू होत आहे. 250 आणि 750 चौरस फूट ही त्याच विसंगतीची मोजलेली आकडेवारी आहे.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 61 ने मदत व भरपाई देताना जात, लिंग, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायला मनाई केली. हे हत्यार आपल्या हातात आहे. पण हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

हा विषय फक्त किल्लारीचा नाही. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपुरात नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. अशा वेळी भाडेकरू, पट्टा नसलेला झोपडीधारक, नवऱ्याच्या नावावर घर असलेली विधवा यांची नोंद कोणत्या रकान्यात होते, हे पाहायला आपला माणूस पंचनाम्याच्या वेळी तिथे उभा असला पाहिजे.

म्हणून वस्तीवस्तीत आजच कामाला लागा. कुटुंबांची, माणसांची, भाडेकरूंची यादी आपणच तयार ठेवा. पंचनाम्याची प्रत मागा. पुनर्वसनाचा निकष जमीन नव्हे, माणसे आणि गरज असावा, ही मागणी आपत्ती येण्याआधी लेखी द्या. कारण ढिगारा उपसला जाईपर्यंत याद्या कोणीतरी करून मोकळा झालेला असतो.

जय भीम!