कानातील गाठींची शस्त्रक्रिया आणि भंडारा जिल्हा

कानात गाठ होते ती मुख्यतः तीन ठिकाणी. पाळीवरची किंवा कानाच्या नळीतली गाठ नजरेस पडते, पडद्याआडची गाठ तपासणीशिवाय कळत नाही आणि ऐकण्याच्या व तोलाच्या नसेवरची गाठ मेंदूला लागून वाढते. शस्त्रक्रियाही याच क्रमाने बाहेरून आत गेली.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग दिले असून त्यांत सात कर्णार्बुदे आहेत. अर्बुदाचा अंश मागे राहिल्यास ते पुन्हा वाढते, म्हणून समूळ काढावे, असे चिकित्सास्थानात बजावले आहे. कानाच्या हाडाआड हा दंडक पाळणे मात्र फार काळ अशक्य होते. १८९४ मध्ये लंडनच्या चार्ल्स बॅलन्स यांनी नसेलगतची गाठ बोटाने सोडवून काढली. रुग्ण स्त्री वाचली, पण तिच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. १९२१ मध्ये स्टॉकहोमला कार्ल नायलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी त्याच्या मदतीने कानाच्या हाडातून या गाठीपर्यंत जाण्याची वाट रुळवली. कानामागे चीर देऊन ड्रिलने हाड कणाकणाने कोरतात. चेहऱ्याची नस याच हाडातून जाते; ती तापू नये म्हणून पाण्याची धार सतत सुरू असते.

भंडाऱ्यात स्कॉटिश मिशनने १८८२ मध्ये केंद्र उघडले आणि पुढे दवाखानाही चालवला. खोलवरच्या गाठींसाठी मात्र जिल्ह्याची भिस्त सुमारे ६० किलोमीटरवरच्या नागपूरवर राहिली: तिथले मेयो रुग्णालय आणि १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच ‘मेडिकल’. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत देवरी, सालेकसाही याच जिल्ह्यात होते; तिथून नागपूर दुपटीहून लांब.

या अंतराची किंमत रुग्ण मोजतो. नसेवरची गाठ हळूहळू वाढते आणि सहसा दुखत नाही. एका कानाने कमी ऐकू येते, कानात नाद घुमतो, तरी दुसऱ्या कानावर काम भागत असल्याने दुर्लक्ष होते. गाठ लहान असतानाच हेरली, तर चेहऱ्याची नस वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. या दृष्टीने आशेची बाब म्हणजे, भंडाऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. मोठी शस्त्रक्रिया नागपुरात झाली, तरी श्रवणतपासणी जिल्ह्यातच वेळेवर होणे ही या उपचाराची पहिली पायरी आहे.